चहाला की मला

"काका, उद्या मी जाऊ?" मी विचारलं, आणि नेमकं त्याच क्षणी विमानाची निगा राखणाऱ्या इब्राहिमभाईंनी शेडच्या दारातून किटली उंच करून विचारलं, "काका, चाय चालेल काय?"

"चालेल," काका म्हणाले.

मग त्यांनी पट्टा सोडला, हेडफोन काढून ठेवला आणि विमानातून उतरून ते नळावर हात धुवायला गेले. मी आपली खुर्चीत बसून राहिले. चालेल म्हणजे काय चालेल? चहा, की मी?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, उतरायचं आणि पुन्हा विचारायचं. ते मलाही कळत होतं. पण पुन्हा विचारलं आणि 'नाही' आलं तर? मिळालेलं अर्धं 'चालेल' हातचं घालवायला माझं मन तयार होत नव्हतं.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. मी दातांची डॉक्टर. पूर्णेच्या काठच्या आमच्या गावात माझा दवाखाना आहे आणि गावाबाहेर एक छोटी धावपट्टी. तिथे आम्ही सात हौशी वैमानिक मिळून एक जुनं चार खुर्च्यांचं विमान पाळलं होतं. पाळलं हाच शब्द बरोबर, कारण म्हशीइतकीच त्याचीही उस्तवार असायची. आमचं नाव 'शनिवार मंडळ'. मेळघाटातला एखादा पेशंट रस्त्यानं नेण्यासारखा नसला, की आम्ही त्याला फुकट नागपूरला नाहीतर आणखी कुठे पोचवायचो. सातही जण पोटापाण्याचा धंदा सांभाळून हे करणारे, त्यामुळे कोण किती उडतो याला काही धरबंध नव्हता.

नियम सरळ होता. गेल्या तीन महिन्यांत तीनदा विमान चढवलं आणि तीनदा उतरवलं, की माणसं बसवायला मोकळे. पण आमचे काका, दिगंबर मोहरील, या नियमाला हसायचे. "कागद म्हणते तीन महिन्यांत तीनदा," ते म्हणायचे, "आणि हात तर तीन आठवड्यांत विसरते. मग कागद विमान उतरवेल का?" स्वतः काका एकही शनिवार चुकवत नसत. तरुणपणी त्यांनी सगळ्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, विमानातून फवारणी केली होती, अगदी झाडांच्या शेंड्यांना चाकं घासतील इतक्या खालून. मंडळात त्यांनीच एक रीत पाडली होती. ज्याचा मध्ये खंड पडला असेल त्यानं पेशंट नेण्याआधी काकांना शेजारी बसवून एक चक्कर मारायची. याला आम्ही 'हात दाखवणं' म्हणायचो. चक्कर संपली की काका एकच शब्द बोलायचे, 'चालेल'. तो मिळाला की गंगेत घोडं न्हालं.

माझा खंड तसा मोठा होता. पावसाळाभर धावपट्टीवर चिखल, त्यात दवाखान्याची जागा बदलायची होती. श्रावणाच्या तोंडाला एका कोरड्या सकाळी मी तीन वेळा चढून तीन वेळा उतरले होते, घाईत सत्यनारायण उरकावा तसं. कागदावर मी चालू होते. हातांचं मात्र मला काही सांगता येत नव्हतं.

आणि उद्या पूनमला न्यायचं होतं. पूनम कासदेकर, बारा वर्षांची पोर, पाठीचा कणा असा वळलेला की तिला सरळ बसता येत नव्हतं. डोंगराखालच्या गावात मी दातांचं शिबिर घेतलं तेव्हा ती आली होती. खुर्चीला पाठ टेकवता येईना, म्हणून मी जमिनीवर गुडघे टेकून तिची किडलेली दाढ काढली होती. तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "तुम्ही विमान चालवता ना? मग मला कधी नेता?" ऑपरेशन ठरलं की मीच नेईन, असं मी तिला सांगून बसले होते. ते आता ठरलं होतं. नागपूरला वर्षातून दोनदाच येणारे एक सर्जन परवा तिचं ऑपरेशन करणार होते आणि रस्त्याचे धक्के तिच्या कण्याला सोसणार नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नागपूरच्या फेऱ्या एरवी आमच्यातले राठी करायचे, पण ते नेमके डेंग्यूनं आडवे झाले होते. बाकीचे कुणी लग्नाला, कुणी परदेशात. उरलो काका आणि मी.

त्या दुपारची चक्करही धड झाली नव्हती. पहिल्यांदा उतरवताना विमानानं बेडकासारखी उडी मारली. दुसऱ्यांदा वाऱ्यानं मला पट्टीच्या कडेला नेलं. तिसरं उतरणं बरं झालं. काका तिन्ही वेळा गप्प. मध्येच मी विचारलं, "काका, डावीकडून वळू?" तर त्यांनी मान डोलावली आणि बोट उजवीकडे दाखवलं. आता मान ऐकायची की बोट? मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी सरळच गेले.

शेवटी मी उतरून शेडमध्ये गेले. काका बशीत ओतून चहा पीत होते. म्हणजे चहा चालला होता, हे नक्की. पण माणूस चहा पितो याचा अर्थ त्यानं चहालाच होकार दिला असा थोडाच होतो?

"काका, साखर थोडी कमीच घातली आज," इब्राहिमभाई त्यांच्यासमोर येऊन म्हणाले.

"चालेल."

मी कप हातात घेऊन समोर बसले आणि दोनदा तोंड उघडून दोनदा मिटलं. माझ्या खुर्चीत पेशंटची हीच अवस्था होते, ती अशी असते हे मला पहिल्यांदाच कळलं.

घरी हेमंतला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो हसत सुटला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरळ फोन लाव आणि विचार."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही. तुला नक्की काय हवंय? त्यांचं मत, की त्यांचं चालेल?"

मी फोन लावला. काकांकडे फोन नेहमी कुमुदकाकूच उचलायच्या.

"काकू, मंजिरी बोलतेय. काकांना विचारता का, उद्या विमान मीच न्यायचं ना?"

"थांब हं," काकू म्हणाल्या. मग त्यांचा वर चढवलेला आवाज लांबून ऐकू आला. "अहो, मंजिरी आहे. उद्याच्या विमानाचं विचारून राहिली." मग काकू पुन्हा फोनवर आल्या. "चालेल म्हणतात."

"काय चालेल, काकू?"

"आता ते मला काय माहीत, बाई? चालेल म्हणाले." एवढं बोलून काकू जरा घुटमळल्या, काहीतरी सांगायचं असल्यासारख्या, आणि मग त्यांनी फोन ठेवून दिला.

दोन चालेल जमले होते आणि दोन्हींना बूड नव्हतं. पण दोन म्हणजे दोन. मी बॅग भरली.

सकाळी स्कूटरवरून धावपट्टीवर पोचले तर काका माझ्याआधी हजर. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात गॉगल. हा त्यांचा पेशंट नेण्याचा पोशाख. पांढरा शर्ट मीही घातला होता.

आमच्याकडे बायका स्कूटरवर निघताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. मी तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, तुम्ही कसे आलात? विमान मी नेणार ना आज?"

काका माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी ते तोंडावरचं फडकं सोड."

मी स्कार्फ सोडायला हात वर नेला आणि तो तिथेच थांबला. हे वाक्य मी रोज ऐकते. दवाखान्यात माझ्या तोंडावर मास्क असतो. म्हातारे पेशंट खुर्चीत बसले की काही जण म्हणतात, डॉक्टरबाई, आधी ते तोंडावरचं काढा. कोण म्हणतं हे, तर ज्यांना ऐकू येत नाही ते. त्यांना माझे ओठ दिसायला हवे असतात.

काका वळून विमानाकडे गेले आणि इंजिनाचं झाकण उघडून तेल बघू लागले. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ऊन कोवळं होतं, माझी लांब सावली इंजिनावर पडली. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काका, विमानाला चाकं नाहीत."

काकांनी सावलीकडे पाहिलं. "चालेल," ते म्हणाले.

पलीकडे पंखाखाली इब्राहिमभाई चाकात हवा भरत होते. त्यांनी हे ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"दोन साल झाले, बाई," ते हलकेच म्हणाले. "मी इशाऱ्यानं बोलतो त्यांच्यासंगं. काकूंनाबी ठावं आहे."

म्हणजे मी एकटीच बहिरी होते. मला हसू येतंय, रडू येतंय की राग, काही समजेना. दोन वर्षं आम्ही बाकीचे सहाजण काकांना हात दाखवत होतो, त्या एका शब्दावर माणसं घेऊन उडत होतो, आणि तो शब्द कशाला मिळत होता कुणास ठाऊक.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. पूनमला उशांच्या आधारानं कुशीवर झोपवलं होतं. बरोबर तिचे आईवडील. बाबूलाल, तिचा बाप, खाली उतरला आणि आमच्या दोघांच्या पांढऱ्या शर्टांकडे बघून त्यानं विचारलं, "म्याडम, इमान कोन चालवनार?"

"मी," मी म्हणाले.

"मी," काकाही म्हणाले. त्याचा प्रश्न त्यांना तोंडावरून कळला होता, माझं उत्तर मात्र कळलं नव्हतं.

बाबूलाल गोंधळून बायकोकडे बघायला लागला. दोघंही जा, असं तुम्ही म्हणाल, तर तीच अडचण होती. मागच्या दोन खुर्च्यांवर पूनम आडवी झोपणार. पुढे दोन खुर्च्या, एक वैमानिकाची, दुसरी आईची किंवा बापाची. आईबापांपैकी कुणी बरोबर असल्याशिवाय दवाखाना तिला दाखल करून घेणार नव्हता. आम्हा दोघांतला एकच जण जाऊ शकत होता.

मी काकांच्या दंडाला धरून त्यांना शेडच्या आड नेलं. त्यांच्या अगदी समोर उभी राहिले, स्कार्फ सोडला आणि तोंड स्पष्ट हलवत म्हणाले, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी आधी इब्राहिमभाईंच्या दिशेनं बघितलं. मग खाली.

"डाव्या कानानं तर काहीच नाही," ते म्हणाले. "उजव्यानं हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला की थोडं समजते. फवारणीच्या वेळी कानात बोळे घालायचो. खाली पऱ्हाटी आणि कानात कापूस. काही उपयोग नाही झाला त्याचा."

"नागपूरला विमानतळाचा टॉवर रेडिओवर बोलेल. थांबा म्हणेल, वळा म्हणेल. समोरून दुसरं विमान येतंय म्हणेल."

"माहीत आहे मला. म्हणूनच दोन वर्षांत नागपूरला गेलो नाही मी. राठीला धाडत होतो."

"मग आज का निघालात?"

काकांनी गळ्यातला गॉगल पुसायला घेतला. मला एकदम राग आला. इतक्या वर्षांचा मान, वय, सगळं बाजूला राहिलं. "काल मी विचारलं, मी जाऊ का, तर तुम्ही चालेल म्हणालात."

"तू विचारलं?" त्यांचा चेहरा खरोखर कोरा होता. "मला तर किटली दिसली."

इतकी साधी गोष्ट होती. मी रात्रभर ज्याचा कीस पाडला होता ते सगळं किटलीचं होतं.

"आणि फोनवर?"

"कुमुद म्हणाली, उद्या विमान. मी म्हणालो, चालेल. मनात म्हटलं, मी नेतो."

"मग आता सांगा," मी म्हणाले. शब्द मी मोकळे मोकळे उच्चारले. "काल माझा हात कसा होता?"

काका माझ्या तोंडाकडे बघत होते, मी अजून काही बोलेन म्हणून.

"वाईट," ते म्हणाले. "तिसरं बरं होतं. पण तिसरं तर कोणाचंही बरं होते. पेशंट असला की पहिलंच उतरावं लागते, पोरी. वारा आला की तू विमान वळवायच्या काठीला सापासारखं दाबून धरते. म्हणून मी आज आलो. वाटलं, तुझ्या हातापेक्षा माझे कान बरे."

मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याच्या खालून कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. दोन वर्षांत कुणी मला इतकं नीट उत्तर दिलं नव्हतं.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी पट्टीवरच्या, वाऱ्याचा रोख दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे पाहिलं. ती आडवी भरली होती. "पोरगी अर्धा तास थांबेल का?"

"थांबेल."

"चल मग. आणि आज पहिल्या उतरण्यालाच मी पाहीन. दुसरं-तिसरं सरावाचं."

पूनमला ॲम्ब्युलन्समध्ये सावलीतच ठेवलं. मी तिला सांगितलं, एक चक्कर मारून येते. ती म्हणाली, "मला सोडून?" मी म्हटलं, तुलाच नेण्यासाठी. तिला ते काही पटलं नाही.

आम्ही चढलो. काका उजव्या खुर्चीत. उतरायला आलो तेव्हा वारा कडेनं ढकलत होता आणि माझी बोटं काठीवर आवळली. काकांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघतात तशी. मी पकड सोडली. विमान आपलं आपण नीट झालं आणि चाकं टेकली. उडी नाही, काही नाही. पण काकांची बोटं माझ्या हातावर होती, म्हणून मला ते मोजावं की नाही ते कळेना. काकांनी पुन्हा वर जायची खूण केली. दुसऱ्यांदा त्यांचा हात त्यांच्याच गुडघ्यावर होता. तिसऱ्यांदा मी ओझरतं बघितलं तर दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडले होते आणि काका माझ्या हाताकडे नाही, खिडकीबाहेर गावाकडे बघत होते.

इंजिन बंद झाल्यावर मी त्यांच्याकडे पूर्ण वळले. "काका, मी जाऊ?"

त्यांनी यावेळी 'चालेल' म्हटलं नाही.

"हो," ते म्हणाले. "तू जा."

मग ते उतरले आणि बाबूलालकडे गेले. नवराबायकोचं मघापासून चाललं होतं, कोणी जायचं यावरून. काकांनी आईला खूण करून बोलावलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं तिचा पट्टा लावून दिला. तिला भीती वाटत होती. "मायबाई, घाबरू नको," ते म्हणाले, "हिचा हात चांगला आहे." हे ते तिला सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते.

विमान पट्टीच्या टोकाला नेताना मी एकदा मागे पाहिलं. इब्राहिमभाईंनी पंख्याच्या आवाजानं कानांवर हात ठेवले होते. काका शेजारी नुसतेच उभे होते, हात मागे बांधून. एके काळी आवाजावरून ते सांगायचे, विमानाच्या कुठल्या भागात काय दुखतंय. तेवढ्या एका गोष्टीनं माझे डोळे भरले, आणि ते पुसायला वेळ नव्हता.

नागपूरच्या टॉवरनं मला दोनदा थांबवलं आणि एकदा वाट बदलायला लावली. प्रत्येक शब्द मला लख्ख ऐकू आला. पूनमला एक धक्का बसला नाही. तिचं ऑपरेशन नीट झालं. आज ती आरोग्यसेविका आहे आणि माझ्याहून दोन बोटं उंच.

त्याच संध्याकाळी परतले तेव्हा काका शेडमध्ये बाकावर बसून होते. घरी गेलेच नव्हते. मी समोर जाऊन बसले. एक प्रश्न सकाळपासून मला टोचत होता. त्यांनी मला 'हो' म्हटलं ते माझा हात सुधारला म्हणून, की त्यांच्यापाशी दुसरा इलाज उरला नव्हता म्हणून? मी पास झाले होते, की ते नापास?

मी तसंच विचारलं, तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून.

"दोन्ही," काका म्हणाले.

त्यानंतर ते डाव्या खुर्चीत, म्हणजे वैमानिकाच्या जागी, कधी बसले नाहीत. पण शनिवार चुकवला नाही. धावपट्टीच्या कडेला इब्राहिमभाई त्यांना खुर्ची टाकून द्यायचे आणि मी दर शनिवारी उतरवताना खिडकीतून बघायची, काकांचे तळवे मांडीवर उताणे आहेत की नाहीत. नसले, की पुन्हा वर. सहा वर्षं हे चाललं, मग ती खुर्ची रिकामी राहिली.

आता मंडळात हात मला दाखवतात. मी समोर बसवून, चेहऱ्याकडे बघून, हो किंवा नाही एवढंच सांगते. 'चालेल' हा शब्द आमच्या शेडमध्ये कुणी वापरायचा नाही, हा नियम मीच केलाय. इब्राहिमभाई आता थकलेत, पण किटली अजून त्यांच्याकडेच आहे. ते प्रत्येकाच्या समोर येऊन उभे राहतात आणि विचारतात, "चाय घेता की नाही घेत? नीट बोला."